या वर्षीचा मसाला

टिटवाळा
१० जून २०२४

प्रिय कॉनी,

मसाल्याची बाटली पोचली. घोडबंदर रोडच्या ऑफिसातून सुटल्यावर मितेश वाकडी वाट करून तुमच्याकडे आला, तुझ्या मॉरिसने त्याला गळ्यापर्यंत जेवायला घातलं, आणि इथे घरी येऊन चिरंजीव म्हणाले, "मला भूक नाही." प्राचीने नवऱ्यासाठी दुपारपासून खपून भरली वांगी केली होती. पाचवा महिना सरत आलाय तिचा, लवकर रडू येतं. पुढच्या वेळी मॉरिसला सांग, माझ्या मुलाला नुसता चहा द्यायचा.

आपण पत्रं लिहितो याचं प्राचीला फार हसू येतं. म्हणते, "आई, दोघी ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर, उभा जन्म लोकांचे ट्रंककॉल जोडले, आणि आता पोस्टात जाता?" मी म्हटलं, त्याच हेडफोनने कॉनीचे कान खाल्ले. फोन लावला की तिच्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं. आणि मोबाईलवर टाइप करायला आम्हा दोघींची बोटं तयार नाहीत. पत्रात कसं, मधे कोणी तोंड घालत नाही.

आता मुद्द्यावर येते. रागावू नकोस. या वर्षीचा मसाला तुझा चुकलाय. काल सुकटीचं कालवण केलं, नेहमीएवढाच मसाला घातला, तर पहिल्याच घासाला तोंडात जाळ. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मिरची नेहमीच्या दुकानातली नाही वाटतं? की मॉरिसने माप घेतलं आणि चष्मा घरात राहिला? मितेश आणि प्राची म्हणतात की छान झालंय, पण ही मुलं शेजवान चटणीवर वाढलेली, त्यांना काय कळतंय. मी आपली दहीभात खाऊन उठले.

इतक्या वर्षांत तुझ्या मसाल्याला मी कधी नाव ठेवलं नाही, म्हणून हक्काने लिहिलं. बाकी सगळं ठीक.

तुझी
द्वारका


ठाणे
१८ जून २०२४

द्वारके,

तुझं पत्र मी मॉरिसला मोठ्याने वाचून दाखवलं. तो हसला. त्या दिवशी त्याला जेवण उशिरा मिळालं.

मिरची नेहमीच्याच दुकानातली आहे. तिन्ही जातींच्या मिरच्या मी स्वतः निवडल्या, देठ काढले, गच्चीवर वाळवल्या. एकेक जिन्नस वेगळा भाजला. कांडायला वसईच्याच बायका आल्या होत्या, त्यांच्या लाकडी उखळी घेऊन, आणि कांडताना त्यांनी गाणीसुद्धा तीच म्हटली असणार, मला ऐकू आली नाहीत एवढंच. माप माझ्या सासूचं आहे. ते बदलायची हिंमत मॉरिसला नाही आणि मलाही नाही. मसाला भरला तोही बियरच्या तपकिरी बाटल्यांत दांडक्याने ठासून, उजेड लागू नये म्हणून. सगळ्या बाटल्या एकाच कांडणाच्या आहेत. तुझ्यासाठी वेगळं पातेलं मांडलं नव्हतं.

आम्हा इथल्या मूळच्या ख्रिस्ती, ईस्ट इंडियन लोकांत बाईच्या मसाल्याला नाव ठेवलं की तिच्या आईला, सासूला आणि हाताला एकदम नाव ठेवल्यासारखं होतं. तुला हे माहीत आहे. फादरनी यंदा दुसरी बाटली मागून घेतली. शेजारच्या ब्रँडनची बायको तर म्हणाली, यंदा जरा सौम्यच आहे. आणि तुझ्या तोंडात जाळ!

नको असेल तर परत पाठव. घेणारे पुष्कळ आहेत.

कॉन्स्टन्स


टिटवाळा
२ जुलै २०२४

प्रिय कॉन्स्टन्स (तू पूर्ण नाव लिहिलंस, मीही लिहिते),

परत पाठव म्हणालीस, पाठवतेय. मितेश देईल. अर्धीच वापरली आहे.

मी तुझ्या सासूला कशाला नाव ठेवू? देवमाणूस होती. मला तिने स्वतःच्या हाताने खिमा वाढला होता. जे तोंडाला लागलं ते मी लिहिलं. खोटं गोड बोलायचं असतं तर आपली मैत्री एक्स्चेंजच्या जिन्यातच संपली असती.

आणि हल्ली सगळंच बदलतंय, तुझ्या एकटीच्या मसाल्याचं काय घेऊन बसलीस. परवा इथे मंदिराजवळच्या गाडीवर वडापाव घेतला, तर तो तोंडात शिरेचना. वडे केवढाले करायला लागलेत! मी त्याला म्हटलं, "अरे, माणसांसाठी करतोस की हत्तींसाठी?" तो म्हणाला, "मावशी, वीस वर्षं हेच माप आहे." खोटं बोलायची सवय लागलीय लोकांना. शेवटी चिमटीने तोडून तोडून खाल्ला.

माझी डावीकडची दाढ टोकदार झालीय, ती गालाला लागते. पाडव्यापासून तिथे आत एक जखम आहे, आजूबाजूला जरा पांढरट. हळद लावून झाली, तूप लावून झालं, ज्येष्ठमध चघळून झालं. दुखत म्हणशील तर नाही. दाढ काढायला हवी, पण प्राचीचं बाळंतपण उरकलं की बघू. घरात एका वेळी एकच दवाखाना पुरे.

ते जाऊ दे. तू रागात असलीस की तुझं अक्षर सुंदर येतं, हे सांगायचं राहिलं.

द्वारका


ठाणे
९ जुलै २०२४

माझी द्वारका,

बाटली मिळाली. मी रागातच होते. म्हटलं, बघूच या बाईच्या बाटलीत काय शिरलंय, आणि त्याच मसाल्याचं बोंबलाचं कालवण केलं. मॉरिसने दोन वेळा भात घेतला. मी विचारलं, तिखट आहे? तो म्हणाला, "ह्यो त आपला त्योच मसाला हाय गो!" मीही खाल्लं. तोच मसाला आहे, द्वारके.

मग मी तुझी दोन्ही पत्रं काढून शेजारी ठेवली आणि पुन्हा वाचली. मसाला तिखट झाला, वडे मोठे झाले. मसाला मी केलाय आणि वडे टिटवाळ्याच्या माणसाने. आम्ही दोघांनी ठरवून तर बदल केला नाही ना? बदललंय ते तुझं तोंड.

मॉरिसचा थोरला भाऊ पास्कोल तुला आठवतो. त्याच्या मयताला तू आली होतीस. तोही असाच ताट बाजूला सारायचा, "कालवण तिखट केलंय" म्हणून बायकोवर ओरडायचा. ती बिचारी मिरची कमी करत गेली. पुढे पुढे नुसती पेज. ती स्वतःच्या हाताला दोष देत राहिली आणि त्याच्या तोंडात कोणी पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा त्याला चमचासुद्धा आत घेता येत नव्हता.

त्याचीच मुलगी स्वीडल. तेव्हा दहावीत होती, आता दातांची डॉक्टर आहे, नौपाड्यात तिचा दवाखाना आहे. काल मिस्सा झाल्यावर मी तिला चर्चच्या पायरीवर गाठलं आणि तुझी पत्रं वाचायला दिली. ती हसली नाही. तिने मला सगळं कागदावर लिहून दिलं, कारण या गोष्टीत तिला माझ्या कानांवर भरवसा ठेवायचा नव्हता. म्हणून हे तिचे शब्द समज.

सकाळच्या उजेडात खिडकीशी आरसा घेऊन उभी राहा. आधी तोंड होईल तेवढं मोठं उघड आणि आपलीच तीन बोटं उभी, एकावर एक, दातांमध्ये घालून बघ. सहज जायला हवीत. मग बोटाने गाल बाहेर ओढून आतली बाजू बघ, हिरडीच्या खालची खाच बघ, जीभ वर करून तिच्याखाली बघ. पांढरा डाग दिसला तर स्वच्छ फडक्याने पुसून बघ. पुसला न जाणारा पांढरा डाग, लाल मखमलीसारखा डाग, हाताला कडक लागणारी जागा, गळ्याला गाठ, यातलं काही असलं तर वाट बघायची नाही. आणि दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम तर, इतर काही असो वा नसो, डॉक्टरला दाखवायचीच. दुखत नाही म्हणून ती बरी असं मुळीच नाही. सुरुवातीला ती बहुधा दुखतच नाही, म्हणून माणूस फसतो असं स्वीडल म्हणते.

तुला घाबरवायला लिहीत नाही. यातल्या पुष्कळ गोष्टी साध्याच निघतात. पण साध्या आहेत हे तपासल्याशिवाय कळत नाही. मसाल्यावरून मी जे जे लिहिलं ते सगळं परत घेते. तू फक्त आरशासमोर उभी राहा आणि मला लगेच लिही.

तुझी
कॉनी


टिटवाळा
१५ जुलै २०२४

प्रिय कॉनी,

तुझ्या पुतणीला माझा आशीर्वाद. पण तू उगाच राईचा पर्वत करतेस. माझ्या दाढेचा काटा आणि पास्कोलचं दुखणं, कुठे काय जोडतेस? बोर्डावर असताना अशी जोडणी केली असतीस तर कल्याणचा कॉल कोल्हापूरला गेला असता.

तो रोग तंबाखूवाल्यांना होतो. पास्कोल चुना मळून खायचा, सगळ्या गावाने पाहिलंय. मी तंबाखू खात नाही, गुटखा माहीत नाही, पान खाल्लं तर लग्नातलं. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत तपासणीचं शिबिर झालं होतं. डॉक्टरने विचारलं, "तंबाखू खाता का?" मी ताठ मानेने नाही म्हटलं. त्याने पुढच्या माणसाला बोलावलं. झालं की नाही?

तीन बोटांचं म्हणशील तर दोन गेली, तिसरं अडलं. माझी बोटं जाड आहेत.

कॉनी, तुला एक खरं सांगते, हसू नकोस. आमच्या मुरबाडच्या गोविंदाला हाच रोग झाला होता. त्याची जीभ काढली. त्यानंतर तो हातवारे करायचा आणि लोक त्याला मोठ्याने बोलायचे, जसा काही तो बहिराच झाला. माझ्याकडे दुसरं आहे काय? शिक्षण बेताचं, रूप बेताचं. पण बोर्डावर "नमस्कार, ठाणे ट्रंक" म्हटलं की पलीकडचा खडूस माणूससुद्धा नीट बोलायचा. आमचे हे होते तेव्हा तर म्हणायचे की त्यांनी आधी माझ्या आवाजाला होकार दिला, मला नंतर. ऑक्टोबरमध्ये प्राचीचं बाळ येईल, त्याला मला गाणी म्हणायची आहेत. कापाकापीच्या दारात मला नेऊ नकोस. बाळ होऊ दे, मग बघू काय ते.

मितेशला यातलं अक्षर कळवायचं नाही. तुला माझी शपथ आहे.

द्वारका


ठाणे
२२ जुलै २०२४

द्वारके,

शपथ तू घातलीस, मी घेतलेली नाही.

तू तंबाखू खात नाहीस. बरं. मग मशेरी काय आहे?

लेडीज रूमच्या बेसिनपाशी तुझी ती पितळेची डबी उघडी असायची आणि तू बोट फिरवत उभी असायचीस. चहाच्या आधी एकदा, जेवल्यावर एकदा, कामाची पाळी सुटताना एकदा. दात घासून झाले तरी तोंड धुवायची नाहीस, डाव्या गालात तशीच धरून बोर्डावर येऊन बसायचीस आणि उजवीकडून "नमस्कार, ठाणे ट्रंक" म्हणायचीस. मी शेजारच्या खुर्चीवर होते. मी तुला चिडवायचे की हिच्या गालात पेढा असतो. जखम कुठल्या गालात आहे म्हणालीस?

तू म्हणशील, ते तर दात घासायचं. तुझी आई लावायची, आजी लावायची, गावातल्या सगळ्या बायका लावायच्या, तिला कोणी व्यसन म्हणत नाही. मला सांग, दुकानात जाऊन तू काय मागतेस? तंबाखूच ना? तव्यावर काळी करून कुटलीस की ती तंबाखू राहत नाही का? त्या शिबिरातल्या डॉक्टरने विचारलं आणि तू खोटं बोलली नाहीस, हे मला माहीत आहे. मशेरी त्याच्या प्रश्नात येते हे तुझ्या मनातच आलं नाही. आणि आपल्याकडच्या बायकांना मशेरीचं नाव घेऊन विचारावं लागतं, हे त्याला सुचलं नाही.

आवाजाचं लिहिलंस ते वाचून मी रडले. द्वारके, तुझा आवाज ऐकलेला शेवटचा दिवस मला आठवत नाही, इतकी वर्षं झाली. पण तो आहे, हे मला माहीत आहे आणि त्यावर माझं बरं चाललंय. पास्कोलचा आवाज गेला तो उशिरा गेल्यामुळे. लवकर गेलं तर फार थोडं काढावं लागतं, असं स्वीडल म्हणते. तू बाळासाठी थांबायचं म्हणतेस. बाळासाठीच जायचं आहे.

या शनिवारी सकाळी स्वीडलच्या दवाखान्यात ये. मी खालीच रस्त्यावर उभी असेन. नाही आलीस तर रविवारची मिस्सा झाल्यावर मी टिटवाळ्याला येते. बहिऱ्या बाईला हळू बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. तुमच्या सोसायटीच्या गेटपासून घरापर्यंत मी सगळं सांगत येईन.

तुझी
कॉनी


परळ, हॉस्पिटलातून
५ सप्टेंबर २०२४

माझी कॉनी,

आज पहिल्यांदा लिहायचं त्राण आलं आणि कागद मागितला. नाकात नळी आहे, गाल सुजलाय, गळ्याला पट्टी आहे. बोलायला अजून मनाई आहे. म्हणजे आता आपली बरोबरी झाली. तुला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही. जगात पत्रं लिहायला याहून योग्य अशा दोन बायका सापडायच्या नाहीत.

नौपाड्यात त्या शनिवारी तू माझ्या शेजारीच होतीस, पण तुझ्या कानातल्या यंत्राने त्याच दिवशी दगा दिला आणि तू नुसती माझा हात धरून बसलीस. म्हणून तिथे काय झालं ते आता सांगते. स्वीडलने आधी माझ्या तोंडात पाहिलंच नाही. खुर्ची जवळ ओढून विचारलं, "मावशी, मशेरी लावता ना? किती वर्षं?" अगदी असंच, जसं कोणी विचारावं, चहात साखर घेता ना. मला खोटं बोलायला जागाच उरली नाही. मी म्हटलं, "न्हाण आल्यापासून." तिने मान हलवली. रागावली नाही, की तोंड वाकडं केलं नाही. मग तिने गाल ओढून पाहिलं, बोटाने दाबून पाहिलं, गळा चाचपला. म्हणाली, "दाढ टोकदार आहे, खरंय. पण ही जखम एकट्या दाढेची वाटत नाही. मी तुम्हाला आजच चिठ्ठी देते. पुढच्या आठवड्यात नाही, सोमवारी जायचं." मी विचारलं, "माझी जीभ काढतील का गं?" तिने माझ्या दोन्ही हातांवर हात ठेवला आणि म्हणाली, "माझ्या पप्पांना हे कोणी वेळेवर सांगितलं नाही, म्हणून मी हे शिकले. तुमची जीभ छान आहे. ती राहू देण्यासाठीच घाई करतेय."

संध्याकाळी मितेशला सांगितलं. त्याने स्वीडलची चिठ्ठी दोनदा वाचली. प्राचीने मात्र आधी मशेरीची डबी कचऱ्यात टाकली आणि मग रडायला बसली. एवढं पोट घेऊन ती माझ्याबरोबर तुकडा काढायला आली. इंजेक्शन देऊन इवलासा तुकडा काढतात, मुंगी चावल्याएवढं दुखलं. रिपोर्टमध्ये जे यायचं ते आलं. कॅन्सर. पण डॉक्टर म्हणाले, पहिल्या पायरीवर सापडलाय. गालाच्या आतला तेवढा भाग काढला आणि गळ्यातल्या गाठी तपासायला काढल्या. काल त्याचा निकाल आला. गाठी स्वच्छ आहेत. किरणांचा शेक द्यायची गरज नाही, नियमाने दाखवायला यायचं. जीभ जागेवर आहे, मी रोज सकाळी दातांमागे फिरवून खात्री करते.

माझ्या शेजारच्या खाटेवर हौसाबाई नावाची बाई आहे, जुन्नरकडची. तिचीही मशेरीच. तिला सहा महिन्यांपासून भाकरी बोचत होती. ती सुनेला म्हणायची, भाकरी जाड थापतेस. सूनही भाकऱ्या पातळ करत गेली. तिच्या घरात सगळे चांगले आहेत, तिची सेवा करतात, पण भांडलं कोणी नाही. मी तिच्याकडे पाहते आणि मला तुझं ते रागातलं सुंदर अक्षर आठवतं. तुझ्या मसाल्याला नाव ठेवलं म्हणून तू फणफणलीस, बाटली परत मागितलीस, तिच्यात कालवण करून पाहिलंस. दुसरी असती तर पुढच्या वर्षी गुपचूप चार मिरच्या कमी घातल्या असत्या. तू सासूच्या मापावर अडून राहिलीस म्हणून मी इथे वेळेवर आले. तुझे उपकार मी कुठे ठेवू, कॉनी?

नर्स ओरडतेय, पुरे म्हणून.

तुझी
द्वारका


ठाणे
२१ ऑक्टोबर २०२४

माझी लाडकी द्वारका,

काल दुपारी आमचा फोन वाजला. म्हणजे वाजला असणार, मॉरिस उठून गेला. मी कोळंबी साफ करत होते. त्याने रिसीव्हर कानाला लावला आणि तो एकदम ताठ उभा राहिला, राष्ट्रगीत लागल्यासारखा. मग खुर्चीत बसला. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, संपलं सगळं. मी कोळंबीच्या हातांनीच त्याला हलवलं, "काय झालं? कोण आहे?" त्याने पेपरच्या कडेला पेन्सिलने लिहिलं, "द्वारका बोलते. ती म्हणते: नमस्कार, ठाणे ट्रंक. टिटवाळ्याचा कॉल आहे. मुलगी झाली." आणि खाली, "आवाज तोच आहे."

पेपरचा तो तुकडा मी कापून माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला आहे. मला ऐकू आलं नाही याचं काल पहिल्यांदाच काही वाटलं नाही. मी मॉरिसचा चेहरा पाहिला, त्यात सगळं आलं. संध्याकाळी चर्चमध्ये दोन मेणबत्त्या लावल्या, एक तुझ्या नातीसाठी आणि एक तुझ्या जिभेसाठी. मॉरिस म्हणतो, जिभेसाठी मोठी लावायला हवी होती.

स्वीडलला सांगितलं. ती दवाखान्याच्या मागच्या खोलीत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. तिच्या पप्पांचा फोटो आहे तिथे.

तोंड उघडायचा व्यायाम करतेस ना? ती म्हणते, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि हळूहळू एकेक काडी वाढवायची. कंटाळा करायचा नाही. आणि मशेरीची आठवण आली तर मला शिव्या घालणारं पत्र लिही, बोटाला तेवढंच काम.

तुझी
कॉनी


टिटवाळा
७ फेब्रुवारी २०२५

प्रिय कॉनी,

मशेरीची आठवण येते. खोटं कशाला सांगू? सकाळी उठले की बोट आपोआप डबी शोधतं. मग मी काड्या तोंडात धरून नातीसमोर बसते आणि ती मला बघून हसते. नाव देवयानी ठेवलंय. मी तिला सगळी गाणी म्हणते, डाव्या बाजूने थोडी हवा जाते, पण तिची तक्रार नाही.

आणखी एक गंमत सांगायची आहे. गेल्या आठवड्यात प्राचीचं हळदीकुंकू झालं. मी आतल्या खोलीत बसते म्हटलं, तर ती म्हणाली, "आई, तुम्ही बाहेरच बसायचं, आणि वाण काय द्यायचं ते तुम्ही ठरवायचं." मी ठरवलं. सगळ्या बायकांना एकेक हातातला आरसा दिला. बायका खूश, लगेच केस सारखे करायला लागल्या. मी म्हटलं, "केस राहू द्या, तोंड उघडा." मग माझा गाल दाखवला आणि तुझ्या मसाल्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. तंबाखू कोण खातं असं विचारलं असतं तर एक हात वर झाला नसता. मी विचारलं, "मशेरी कोण लावतं?" निम्म्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या संचिताच्या सासूबाईंना खालच्या ओठाच्या आत पांढरा डाग दिसला. दुसऱ्याच दिवशी संचिता त्यांना घेऊन स्वीडलकडे गेली. कॅन्सर नाही, पण मशेरी बंद आणि दर काही महिन्यांनी दाखवायचं. जिन्यात भेटल्या तर मला मिठी मारली त्यांनी. मी म्हटलं, ही मिठी माझी नाही, ठाण्याला पोचवते. पोचली का?

तुझी
द्वारका


ठाणे
२६ मे २०२५

द्वारके,

पोचली. हाडं मोडली माझी.

या वर्षीचा मसाला कांडून झाला. मितेशबरोबर दोन बाटल्या देतेय. लाल दोरा बांधलेली नेहमीची, ती प्राची आणि मितेशसाठी. पांढरा दोरा बांधलेली तुझी. तुझ्या बाटलीसाठी या वर्षी वेगळं पातेलं मांडलं. मिरची पुष्कळ कमी केली, धणे आणि बडीशेप वाढवली. सासूच्या फोटोसमोर उभी राहून तिची परवानगी मागितली. तिने काही म्हटलं असेल तर मला ऐकू आलं नाही.

जपून खा.

तुझी
कॉनी


टिटवाळा
८ जून २०२५

प्रिय कॉनी,

रागावू नकोस. या वर्षीचा मसाला तुझा चुकलाय.

पांढऱ्या दोऱ्याच्या मसाल्याचं सुकटीचं कालवण केलं. फिकं. धण्याचं पाणी प्यायल्यासारखं लागलं. मी प्राचीकडे पाहिलं, प्राचीने छताकडे पाहिलं. मग स्वीडलला फोन केला. ती म्हणाली, जखम छान भरलीय, थोडं थोडं तिखट चालेल, पण घाई नको. म्हणून आज दुपारी प्राची देवयानीला निजवत होती तेव्हा मी लाल दोरा सोडला. कालवणात अगदी चिमूटभर घातला. पहिला घास घेतला आणि थांबले. लागलं गं तिखट. पण ते गेल्या वर्षीसारखं नव्हतं. हे आपलं तिखट होतं, मिरचीचं, तुझ्या गच्चीवर वाळलेलं. तोच मसाला आहे, कॉनी. मी भातावर घेतलं, पुन्हा घेतलं, आणि ताटासमोर बसून रडले. प्राची धावत आली, "आई, झोंबलं का?" मी म्हटलं, "हो गं, झोंबलं. बरं झालं झोंबलं."

जेवण झाल्यावर वाणातला आरसा घेऊन खिडकीशी गेले. गालाची आतली बाजू पाहिली, जिभेखाली पाहिलं, गळा चाचपला. आता तो नेमच झालाय. मग तीन बोटं उभी धरून घातली. पहिलं गेलं, दुसरं गेलं, तिसरं थोडं घासलं आणि आत गेलं. बोटं तेवढीच जाड आहेत.

पांढऱ्या दोऱ्याची बाटली मितेशबरोबर परत पाठवतेय. घेणारे पुष्कळ आहेत म्हणाली होतीस. मला माझी नेहमीची पाठव, सासूच्या मापाची.

तुझी
द्वारका